गंज आणि झीज यांविरुद्ध थर्मल स्प्रे लेप: निवडीपासून तपासणीपर्यंत

समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या एका पंपाची शाफ्ट-स्लीव्ह (फिरत्या दांड्यावर चढवलेली संरक्षक नळी) काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आली. साध्या कार्बन स्टीलच्या त्या स्लीव्हवर प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतात वितळवून फवारण्याच्या पद्धतीने, क्रोमियम ऑक्साइडचा लेप दिलेला होता. लेप काळाभोर आणि काचेसारखा गुळगुळीत होता, आणि पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती ठासलेल्या पॅकिंगने त्यावर साधा ओरखडाही उठवलेला नव्हता. तरीही तो नखाएवढ्या टवक्यांनी सुटत होता आणि प्रत्येक टवक्याच्या मागच्या बाजूला तांबूस गंजाची पूड चिकटलेली होती. झिजेचा विचार करून लेप अगदी योग्य निवडला गेला होता, पण गंजाचा विचार कोणी केलाच नव्हता. खारे पाणी लेपाच्या सूक्ष्म छिद्रांतून खाली उतरले, खालचे स्टील गंजले, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापणाऱ्या त्या गंजाने वरचा धडधाकट लेप उचलून काढला. तीच स्लीव्ह स्टेनलेस स्टीलची असती, किंवा लेपाखाली निकेल-क्रोमचा अस्तर-थर देऊन वरून नीट सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा पातळ द्रव, भरला असता, तर ती कितीतरी अधिक काळ टिकली असती.

ज्यांना कारखान्यात किंवा प्रकल्पावर असा थर्मल स्प्रे लेप, म्हणजे पदार्थ तापवून फवारलेला लेप, करून घ्यायचा आहे, त्याची मागणी लिहायची आहे किंवा तो तपासून ताब्यात घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. गंज आणि झीज हे दोन वेगळे शत्रू आहेत. एकाविरुद्ध उत्तम ठरणारा लेप दुसऱ्यासमोर उघडा पडू शकतो, आणि म्हणून कोणता शत्रू आधी पोहोचणार हे ठरवल्याशिवाय पावडरीचे किंवा तारेचे नावसुद्धा काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

लेप आतून कसा असतो

झुरिचचे माक्स उलरिख शूप यांनी १९१०च्या सुमारास धातू वितळवून फवारण्याची पद्धत व्यवहारात आणली. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ बदलली, पण मूळ क्रिया तीच राहिली. तार किंवा पावडर ज्वाळेत, विजेच्या आर्कमध्ये किंवा प्लाझ्मात तापते, वितळलेले किंवा मऊ झालेले कण वेगाने पृष्ठभागावर आदळतात, चपटे होतात आणि क्षणार्धात गोठतात. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या एकमेकींवर अर्ध्याअर्ध्या चढवत गेल्यास जशी रचना होईल, तशीच रचना सूक्ष्मदर्शकाखाली लेपाच्या छेदात दिसते. चपट्या कणांचे थर एकावर एक बसलेले असतात, त्यांच्यामध्ये कुठे ऑक्साइडची बारीक रेघ असते, कुठे न भरलेली पोकळी असते, आणि कुठे न वितळता आलेला एखादा गोल कण अडकलेला असतो.

लेपाचे गुण आणि दोष या रचनेतूनच येतात. लेप खालच्या धातूला वेल्डिंगसारखा एकजीव झालेला नसतो. तो मुख्यतः खडबडीत केलेल्या पृष्ठभागाच्या खाचांत अडकून धरलेला असतो. थरांना समांतर दिशेने तो सहज सुटू शकतो, त्यामुळे धारेवर बसणारा ठोसा त्याला सोसत नाही. शिवाय छिद्रांची साखळी वरपासून खालपर्यंत जुळली, तर द्रवाला थेट वाट मिळते. साध्या फ्लेम स्प्रेच्या लेपात छिद्रांचे प्रमाण ५ ते १५ टक्के असू शकते, तर चांगल्या एचव्हीओएफ (ऑक्सिजन आणि इंधन जाळून अतिवेगाने फवारलेल्या) लेपात ते एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवता येते. या फरकाचे कारण वेग हे आहे. फ्लेम स्प्रेमध्ये कण सेकंदाला शंभर मीटरच्या आतबाहेर जातात, आर्कमध्ये त्याहून थोडे जास्त, आणि एचव्हीओएफमध्ये पाचशे मीटरच्याही पुढे. जितक्या जोराने कण आदळतो, तितका तो पसरतो आणि शेजाऱ्याला घट्ट बिलगतो.

स्वतः झिजून वाचवणारा लेप आणि नुसता आडोसा देणारा लेप

गंजाच्या दृष्टीने सर्व लेपांची विभागणी आधी या दोन कुळांत करावी. जस्त, ॲल्युमिनियम आणि त्यांचे मिश्रधातू हे विद्युत-रासायनिक दृष्ट्या स्टीलपेक्षा सक्रिय असतात. लेपाला ओरखडा पडला किंवा छिद्र उरले, तरी आधी लेप खर्ची पडतो आणि स्टील वाचते. अशा लेपात थोडी सच्छिद्रता क्षम्य असते. याउलट टंगस्टन कार्बाइड, निकेल-क्रोम, स्टेनलेस स्टील आणि सर्व सिरॅमिक लेप स्टीलला नुसता आडोसा देतात. त्यांतले धातूचे लेप तर स्टीलपेक्षा उच्च विभवाचे, म्हणजे कमी सक्रिय, असतात, म्हणून छिद्रातून पाणी खाली गेले की लेपाच्या मोठ्या क्षेत्रफळासमोर स्टीलचा चिमूटभर भाग उघडा राहतो आणि त्या बिंदूवर गंज खोल जातो. इथे जे छिद्र आरपार गेले, त्याची किंमत मोजावीच लागते.

पहिल्या कुळाच्या विश्वासार्हतेचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने १९७४ मध्ये १९ वर्षांच्या चाचणीचा अहवाल दिला. त्यात समुद्राच्या पाण्यात तसेच सागरी आणि औद्योगिक हवेत ठेवलेल्या पट्ट्यांपैकी, अवघ्या ०.०८ ते ०.१५ मि.मी. जाडीचा ॲल्युमिनियम लेप असलेल्या पट्ट्यांचे स्टील सुरक्षित राहिल्याचे नोंदले गेले. सीलर न भरलेल्या जस्ताला मात्र समुद्राच्या पाण्यात तेवढाच काळ काढण्यासाठी सुमारे ०.३० मि.मी. जाडी लागली. उत्तर समुद्रात १९८४ मध्ये उभारलेल्या हटन या तेल-प्लॅटफॉर्मच्या खाली ताणून धरणाऱ्या नळ्यांवरही फवारलेला ॲल्युमिनियमच होता.

मालवण, रत्नागिरी किंवा वास्कोसारख्या ठिकाणी जेट्टीच्या चौकटी, पाइपांचे आधार किंवा किनाऱ्यावरचे स्टीलचे सांगाडे यांचा प्रश्न असेल, तर माझी पहिली पसंती २०० ते ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) ॲल्युमिनियम आणि वरून पातळ सीलर ही असते. जस्त अधिक सक्रिय असल्याने ओरखड्याचे रक्षण जास्त जोमाने करते, पण खाऱ्या हवेत ते लवकर संपते. ॲल्युमिनियम स्वतःवर ऑक्साइडचा पापुद्रा धरते आणि सावकाश झिजते. ८५ टक्के जस्त आणि १५ टक्के ॲल्युमिनियम यांची तार मधला मार्ग देते आणि पुलांच्या कामात ती बरीच वापरली जाते. रसायनांच्या बाबतीत एक ढोबळ मर्यादा लक्षात ठेवावी. सामू (पीएच) साधारण ४ ते ८.५ असेल तिथे ॲल्युमिनियम आणि ६ ते १२ असेल तिथे जस्त टिकते. चुन्याच्या निवळीत ॲल्युमिनियम किंवा आम्लाच्या फवाऱ्यात जस्त दिले, तर लेप रंग उडावा तसा उडून जातो. गरम चिमणी किंवा इन्सुलेशनखालचा पाइप असेल, तर जस्ताचा विचार सोडावा आणि ॲल्युमिनियमच घ्यावे.

झिजेला नाव द्या

"झीज होते" एवढे सांगून लेप मागवला, तर लेप देणारा त्याच्याकडे जे आहे ते देईल. झिजेचे रूप नीट पाहावे. वाळू किंवा माती दाबाखाली घासत जात असेल तर ती घर्षण-झीज. पाण्यातून किंवा वाऱ्यातून येणारे कण आदळत असतील तर ती धूप. धातूवर धातू घासत असेल तर चिकटून ओरबाडण्याची झीज. पाण्यातले बुडबुडे फुटून पृष्ठभाग खडबडीत होत असेल तर कॅव्हिटेशन. धुपेच्या बाबतीत कणांचा कोन निर्णायक असतो. तन्य (न तुटता ताणला जाणारा) धातू २० ते ३० अंशांच्या तिरक्या माऱ्यात सर्वाधिक झिजतो, तर ठिसूळ सिरॅमिक ९० अंशांच्या सरळ माऱ्यात. म्हणून पाइपच्या वाकणात सरळ धडकणाऱ्या राखेसमोर सिरॅमिक लेप लावण्याआधी दोनदा विचार करावा.

हिमाचल प्रदेशातील सतलजवरचा १,५०० मेगावॉटचा नाथपा झाकरी जलविद्युत प्रकल्प हे या विषयातले आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. पावसाळ्यात सतलज गाळ घेऊन येते आणि त्या गाळात क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कठीण खनिज, भरपूर असतो. क्वार्ट्झचा कण सुमारे १,१०० विकर्स (कठीणतेचे एक माप) कठीण, आणि टर्बाइनच्या रनरचे, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चाकाचे, १३ टक्के क्रोम, ४ टक्के निकेलचे स्टील ३०० विकर्सच्या आसपास. चारशे मीटरहून जास्त उंचीच्या दाबाने पाणी आत येते, आणि धुपेचा दर वेगाच्या जवळजवळ तिसऱ्या घाताने वाढतो. गाळाने खाल्लेल्या तिथल्या पाण्याखालच्या भागांवर एचव्हीओएफने टंगस्टन कार्बाइडचा लेप देण्याचा मार्ग घेतला गेला, आणि हिमालयातल्या गाळाळ नद्यांवर तो आता सरसकट वापरात आहे. हा लेप झीज लांबवतो, थांबवत नाही. ज्या ठिकाणी गाळाबरोबर कॅव्हिटेशनही आहे, तिथे तो टवक्यांनी निघू शकतो, म्हणून अशा जागी आधी पाण्याच्या प्रवाहाचा दोष सुधारावा.

टंगस्टन कार्बाइडमध्येही निवड आहे. १२ टक्के कोबाल्ट असलेली पावडर कोरड्या घर्षणात उत्तम असते, पण खाऱ्या किंवा आम्लधर्मी पाण्यात कोबाल्टचा बंध विरघळतो आणि कार्बाइडचे कण दातांसारखे गळून पडतात. त्याच बंधात क्रोम घातले, म्हणजे १० टक्के कोबाल्ट आणि ४ टक्के क्रोम असलेली पावडर घेतली, की गंजरोध पुष्कळ सुधारतो. गंज आणि झीज एकत्र येत असलेल्या पंप-स्लीव्ह, व्हॉल्व्हचे गोळे, हायड्रॉलिक दांडे यांसाठी हीच पावडर मागावी. कठीण क्रोम प्लेटिंगच्या जागी ती जगभर घेतली जाण्याचे कारण नुसती तिची १,००० ते १,३०० विकर्सची कठीणता नाही. प्लेटिंगच्या हौदातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हेही तेवढेच मोठे कारण आहे. मात्र ५०० अंश सेल्सिअसच्या वर टंगस्टन कार्बाइड हवेत टिकत नाही. बॉयलरच्या नळ्यांसारख्या गरम जागी क्रोमियम कार्बाइड आणि निकेल-क्रोम यांचा लेप घ्यावा, तो साधारण ८५० अंशांपर्यंत चालतो. सूत सतत घसरत जाते त्या कापड-यंत्रांच्या भागांवर, जिथे आघात नाही आणि पाणीही नाही, तिथे प्लाझ्माने दिलेला क्रोमियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिना-टायटानिया फार चांगले काम करतो. दाबाखाली ठोके बसणारे भाग असतील, तर निकेल-क्रोम-बोरॉन-सिलिकॉनची पावडर फवारून मग सुमारे १,००० ते १,१०० अंशांवर वितळवून एकजीव करण्याची पद्धत आहे. तिने धातूशी खरा बंध जुळतो, पण एवढ्या तापमानात भाग वाकू शकतो आणि त्याचे उष्णोपचार उतरू शकतात.

लेपाने भागाची ताकद वाढत नाही, ही गोष्ट करारात लिहून ठेवावी अशी आहे. तडा गेलेला किंवा प्रमाणाबाहेर बारीक झालेला शाफ्ट लेपाने माप भरून परत बसवू नये.

खरे काम ब्लास्टिंगचे

लेप सुटल्याच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ गन पेटण्याआधीच्या कामात होते. म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

आधी तेल, ग्रीस आणि मीठ काढावे, आणि मगच ब्लास्टिंग करावे, म्हणजे दाबाच्या हवेने ग्रिटचा (कठीण कणांचा) मारा करून पृष्ठभाग स्वच्छ आणि खडबडीत करावा. ग्रीस असताना ब्लास्टिंग केले, तर ग्रिट ते ग्रीस सगळ्या पृष्ठभागावर पसरवते आणि स्वतःही कायमचे तेलकट होते. जुन्या पंपाचे ओतीव लोखंडी भाग वर्षानुवर्षे तेल पितात, ते तापवून त्यांतले तेल बाहेर काढावे लागते. किनाऱ्यावरच्या स्टीलमध्ये गंजाच्या खड्ड्यांत क्षार दडलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवून, चिकट पट्टीच्या पाकिटात शुद्ध पाणी भरून काढलेल्या नमुन्याने त्यांचे प्रमाण मोजावे. पाण्याखाली राहणाऱ्या कामांत प्रति चौरस मीटर २० मिलिग्रॅम ही मर्यादा अनेक करारांत असते. मीठ जास्त निघाले, तर पुन्हा धुवावे, पुन्हा ब्लास्ट करावे, पुन्हा मोजावे. इथे घाई केली, तर लेपाखाली मीठ कोंडून ठेवल्यासारखे होते.

वेल्डिंगचे थेंब घासून काढावेत आणि प्रत्येक धारदार कड किमान २ मि.मी. गोलाईची करावी. लेप कडेवर पातळ बसतो आणि थंड होताना तिथेच उचलतो. शाफ्टवर लेप द्यायचा असेल, तर अंडरकटच्या (लेपासाठी कोरून कमी केलेल्या भागाच्या) टोकांना काटकोन ठेवू नये, उतार किंवा गोलाई द्यावी, आणि लेप अगदी टोकापर्यंत नेऊन उघडा सोडू नये.

ग्रिट टोकदार हवे. गोल शॉटने (बारीक गोळ्यांनी) पृष्ठभाग ठोकला जातो, खाचा पडत नाहीत, आणि खाचा नाहीत म्हणजे लेपाला धरायला काही नाही. तपकिरी ॲल्युमिना किंवा टोकदार स्टील ग्रिट घ्यावे. नदीची किंवा समुद्राची वाळू कदापि वापरू नये, कारण तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खाचांची खोली ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्यासाठी साधारण ५० ते १०० मायक्रॉन ठेवावी. स्वच्छता पांढऱ्या धातूपर्यंत, म्हणजे एसए ३ दर्जाची असावी, निदान एसए २½ तरी. ब्लास्ट झालेला चांगला पृष्ठभाग एकसारखा राखाडी आणि चमकविरहित दिसतो. त्यावर पारदर्शक चिकट पट्टी दाबून उचलावी. पट्टीवर धूळ दिसली, तर कोरड्या स्वच्छ हवेने पुन्हा झाडावे, आणि झाडण्याच्या हवेतच तेल किंवा पाणी नाही ना हे पांढऱ्या कागदावर फुंकून पाहावे. ब्लास्टिंगनंतर त्या पृष्ठभागाला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

कोकणात हवामान सर्वांत मोठी अट घालते. नियम असा की स्टीलचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो, म्हणजे स्टील २९ अंशांच्या वर हवे. सकाळी सावलीतला जाड प्लेटचा भाग तेव्हा २७ अंशांवरच असतो. डोळ्यांना तो कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, तरीही त्यावर लेप देऊ नये. अशा वेळी उन्ह वर येईपर्यंत थांबावे किंवा भाग हलका तापवावा. ब्लास्टिंग आणि फवारणी यांच्यात चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नये, आणि दमट दिवशी तेही जास्तच. पृष्ठभागावर पिवळसर छटा दिसली की वेळ संपली असे समजून पुन्हा ब्लास्ट करावे. जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम घेऊच नये. मंडप घालून, आतली हवा कोरडी ठेवून ते करता येते, पण त्याचा खर्च आधीच धरावा.

फवारणी

ॲल्युमिनियमसाठी आर्क स्प्रे हे सर्वांत सोयीचे आहे. दोन तारा गनमध्ये एकमेकींना भेटतात, तिथे आर्क पेटतो आणि दाबाची हवा वितळलेला धातू पुढे फेकते. गन पृष्ठभागापासून १५० ते २०० मि.मी.वर आणि शक्यतो काटकोनात धरावी. कोपऱ्यात जागा नसेल, तरी ४५ अंशांपेक्षा तिरकी करू नये, कारण तिरक्या धारेत उंचवट्यांच्या मागे पोकळ सावल्या राहतात. एकाच फेरीत सगळी जाडी भरू नये. ७५ ते १०० मायक्रॉनच्या फेऱ्या घ्याव्यात, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवावी आणि पुढचा थर आडवा घ्यावा. लेपात डोळ्यांना गाठी किंवा मोठे थेंब दिसले, तर तारेचा पुरवठा किंवा हवेचा दाब बिघडला आहे. तिथे थांबून दुरुस्ती करावी, वरून आणखी लेप टाकून गाठ झाकू नये.

कार्बाइडचा एचव्हीओएफ लेप हे मुख्यतः यंत्राने करायचे काम आहे. भाग फिरता ठेवून गन रोबोटवर किंवा लेथच्या सरकत्या पट्ट्यावर बसवलेली असते. खरेदीदाराने तिथे तीन गोष्टींवर नजर ठेवावी. पावडर कोरडी आहे का, भागाचे तापमान साधारण १५० अंशांच्या आत राखले जाते का, आणि अंतर बदलत नाही ना. कण जास्त तापले, की कार्बाइडमधला कार्बन जळतो, कण ठिसूळ होतात आणि कठीणतेचा आकडा चांगला येऊनसुद्धा लेप धुपेत भराभर गळतो. जाडी सहसा १५० ते ३०० मायक्रॉन असावी. कार्बाइड जितका जाड तितका चांगला असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की थर वाढतो तसा आतला ताण साचत जातो आणि एका मर्यादेनंतर लेप स्वतःच्याच ताणाने सुटतो. घासाईसाठी प्रत्येक बाजूला सुमारे १०० मायक्रॉन जादा ठेवावेत आणि घासाई डायमंड व्हीलने, भरपूर पाण्याखाली करून घ्यावी. साध्या व्हीलने कार्बाइड घासला जात नाही, तो तापतो आणि त्यावर केसासारख्या भेगा पडतात.

सीलर, आणि जाड रंगाचा मोह

लेप थंड होऊन त्यावर धूळ बसण्याआधी सीलर लावावा. पातळ इपॉक्सी, फिनॉलिक किंवा गरम जागेसाठी सिलिकॉनचा सीलर छिद्रांत झिरपला पाहिजे. पाण्याचा एक थेंब लेपावर टाकून पाहावा. सीलर न भरलेल्या लेपात तो काही क्षणांत शोषला जाऊन काळसर डाग पडतो, भरलेल्या लेपावर तो मण्यासारखा राहतो. आडोसा देणाऱ्या लेपांत, म्हणजे सुरुवातीच्या त्या स्लीव्हसारख्या कामात, सीलर वगळण्याची मुभा कोणालाही देऊ नये, आणि पंपाच्या स्लीव्हला घासाईआधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा सीलर द्यावा.

ॲल्युमिनियमच्या लेपावर मात्र दुहेरी संरक्षण म्हणून जाड इपॉक्सी रंगाचे थर चढवण्याची शिफारस अजूनही ऐकू येते. समुद्राच्या पाण्यात ती घातक आहे. रंगाला एखादी जखम झाली, की तिथल्या उघड्या स्टीलचे रक्षण करण्यासाठी रंगाखालचे ॲल्युमिनियम भराभर खर्ची पडते. त्यातून तयार होणारा क्लोराइडयुक्त आम्लधर्मी द्रव रंगाच्या जाड कातडीखाली कोंडतो आणि ॲल्युमिनियमला आणखी खात जातो. मग फोड येतात आणि ते पसरत जातात. उघडा, नुसता सीलर भरलेला लेप अशा वेळी जास्त टिकतो. दिसण्यासाठी रंग हवाच असेल, तर तो सीलरइतका पातळ ठेवावा.

ताब्यात घेण्याआधी

जाडी चुंबकीय मापकाने मोजावी, पण आकडे सपाट मधल्या भागातच घेऊ नयेत. कोपरे, वेल्डची रेघ आणि गनला गाठायला अवघड जागा इथेच लेप कमी पडतो. चिकटण्याची ताकद ओढून मोजतात. किनाऱ्यावरच्या ॲल्युमिनियम लेपासाठी सुमारे ७ मेगापास्कल आणि जस्तासाठी सुमारे ३.५ मेगापास्कल ही किमान अपेक्षा धरतात. एचव्हीओएफ कार्बाइडचा लेप एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या सी ६३३ चाचणीत बहुधा ७० मेगापास्कलच्या आसपास गोंदच तुटेपर्यंत धरून राहतो, म्हणून त्या अहवालात आकड्यापेक्षा तुटले कुठे हे वाचावे. गोंदात तुटले तर ठीक, लेप आणि धातू यांच्या सांध्यात तुटले तर ब्लास्टिंगची चौकशी करावी.

साइटवर सर्वांत उपयोगी आणि सर्वांत स्वस्त चाचणी वाकवण्याची आहे. रोज काम सुरू करण्याआधी, त्याच गनने, त्याच माणसाकडून एका पातळ पट्टीवर लेप मारून घ्यावा आणि ती सुमारे १३ मि.मी. व्यासाच्या दांड्याभोवती १८० अंशांत वाकवावी. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा पडल्या तरी चालतात. पण चाकूच्या टोकाने लेप सालीसारखा उचलला जात असेल, तर त्या दिवशी मुख्य कामाला हात लावू नये.

आडोसा देणाऱ्या लेपात आरपार छिद्रे आहेत का हे पाहण्यासाठी फेरॉक्सिल चाचणी घ्यावी. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि मीठ यांच्या द्रावणात भिजवलेला गाळण-कागद लेपावर काही मिनिटे ठेवायचा. ज्या ठिकाणी द्रव स्टीलपर्यंत पोहोचला, तिथे कागदावर गडद निळा ठिपका उमटतो. हे निळे ठिपके प्रत्यक्ष पाहिल्यावर सच्छिद्रता म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अर्थातच अधिक नेमके असते, पण नमुना घाईने घासला, तर कण उपटून निघतात आणि नसलेली छिद्रे दिसतात. अहवालात सच्छिद्रता अनपेक्षित जास्त आली, तर आधी नमुना पुन्हा घासून घ्यायला सांगावे.

झिजेसाठी कोरडी वाळू आणि रबराचे चाक यांची एएसटीएम जी ६५ चाचणी दोन लेपांची तुलना करायला चांगली आहे. ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ३५ अंशांवर ठेवण्याची चाचणीही तुलनेसाठीच वापरावी. त्या पेटीतले हजार तास म्हणजे किनाऱ्यावरची अमुक वर्षे, असा हिशेब कोणी मांडला तर तो स्वीकारू नये, कारण त्या पेटीत ऊन नाही, वाळणे नाही, आणि भरती-ओहोटीही नाही.

कामगारांची काळजी

जस्ताच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि पुष्कळदा तो मलेरिया समजून औषधे दिली जातात. क्रोम आणि निकेल असलेल्या धुराचे परिणाम संथ असतात, पण फार गंभीर. गनजवळ असलेल्याला बाहेरून ताजी हवा मिळणारा मुखवटा हवा, साधा रुमाल किंवा कापडी मास्क मुळीच चालत नाही. आर्कचे किरण डोळे भाजतात आणि एचव्हीओएफचा आवाज १२० डेसिबलच्या पुढे जातो. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत स्फोटक असते, आणि गंजाच्या धुळीत मिसळली तर थर्माइटसारखी (ॲल्युमिनियम आणि लोह-ऑक्साइडच्या अतितप्त जळणाऱ्या मिश्रणासारखी) पेट घेऊ शकते. म्हणून स्टीलच्या ग्रिटची आणि ॲल्युमिनियमची धूळ एकाच संग्राहकात कधीही जाऊ देऊ नये, आणि नळ्यांना अर्थिंग असल्याची खात्री रोज करावी.

पुढची देखरेख

किनाऱ्यावरच्या लेपाची पाहणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करावी. ॲल्युमिनियमवर पांढरट, भुकटीसारखा थर दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, तो लेप काम करत असल्याचा पुरावा आहे. लाल गंज कडांवर, बोल्टच्या डोक्याखाली किंवा वेल्डच्या टोकावर दिसला, तर त्या भागापुरते ब्लास्टिंग करून, कडेचा जुना लेप उतरता घासून नवा लेप द्यावा. कार्बाइडच्या लेपाला असे ठिगळ लावता येत नाही, तो पूर्ण काढून पुन्हाच द्यावा लागतो. दुरुस्तीचा निर्णय घेण्याआधी मात्र ओल्या फडक्याने तो डाग पुसून पाहावा. वरच्या एखाद्या उघड्या बोल्टचा गंज पाण्याबरोबर ओघळून चांगल्या लेपावर बसतो. डाग निघून खाली राखाडी लेप शाबूत दिसला, तर लेपाला हात न लावता तो बोल्ट बदलावा.